लढाई का सवारी

नागपुरात खोली शोधताना ज्यांनी माझं आडनाव विचारलं नाही, असे ते पहिलेच घरमालक. त्याआधी मी बऱ्याच दारांवर उभा राहून आलो होतो. सगळीकडे बोलणं छान सुरू व्हायचं. कॉलेज कोणतं, विषय कोणते, गाव कुठलं. मग सहज आठवल्यासारखं, "पूर्ण नाव काय म्हणालात?" पूर्ण नाव सांगितलं की खोली नेमकी कालच कोणाच्या तरी भाच्याला दिलेली असायची. सक्करदऱ्याच्या त्या घरासमोर सायकलरिक्षातून उतरलो तेव्हा पूर्ण नाव माझ्या ओठांवर तयारच होतं. पण फाटकाशी उभ्या असलेल्या उंच, वाळक्या, खाकी हाफपँटमधल्या म्हाताऱ्यांनी ते मागितलंच नाही. त्यांनी विचारलं, "लढाई का सवारी?"

माझ्यामागे रिक्षावाला कुरकुरत होता. माझी लोखंडी पेटी उतरवताना त्याचा अंगठा चेंगरला होता, आणि तो मला, पेटीला आणि पेटी बनवणाऱ्याला हिंदीतून शिव्या देत होता. मला वाटलं, हे गृहस्थ विचारताहेत की तू रिक्षावाल्याशी लढाई करून राहिलास की साधा सवारी म्हणून आलास. नव्या जागी पहिल्याच दिवशी भांडखोर ठरू नये, म्हणून मी घाईने म्हणालो, "सवारी, काकाजी. सवारीच. लढाई नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

"मंग ये आत. वरची खोली. नळ सकाळीच येते, मंग दिवसभर बोंबलत बसू नको."

खोली मिळाल्याच्या आनंदात मी त्या प्रश्नाचा अर्थ विचारायचं विसरलो. तो मला संध्याकाळी, वरच्या खोलीतल्या दुसऱ्या भाडेकरूने सांगितला. हा रामटेकचा, माझ्याच वर्गातला, आणि कोणाचीही भीड न बाळगणारा. सगळा प्रकार ऐकून तो खाटेवर लोळून हसला. "अबे, त्यानं तुले इमान विचारलं, हवाई जहाज! लढाईचं इमान चालवशीन का सवारीचं, असं. अन् तू रिक्षा सांगितला? गेला तू बावा. आता जलमभर सवारी."

तो थट्टेत म्हणाला होता. मीही हसलो.

घरामागे पत्र्याची शेड होती, आणि शेडमध्ये माणूस बसेल एवढे दोन डबे होते. काकाजी वायुदलात शिक्षक होते, पण आकाशातले नव्हे, जमिनीवरचे. नव्या मुलांना खऱ्या विमानात बसवण्याआधी एका बंद खोक्यात बसवायचं, खोकं हलवायचं, वळवायचं, आणि हे विमानच आहे असं समजून त्यांना ते चालवायला लावायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांना ती खोकी सोडून राहता येईना. मग त्यांनी भंगारातून घड्याळं, दांडे, खुर्च्या गोळा केल्या आणि घरीच दोन खोकी उभी केली. डबा कलवण्यासाठी महाल भागातल्या एका पेटी दुरुस्त करणाऱ्याकडून हार्मोनियमचे जुने भाते आणले. एका भात्यात चुकून सूर राहून गेले होते. डबा डावीकडे वळला की बारीक सूर निघायचा. रामटेकवाला म्हणायचा, "काळी चार लागली. पायलटसाहेब, आता तान घ्या."

लढाऊ डब्यात मधोमध दांडा होता आणि समोर काकूंची एक जुनी बांगडी टांगलेली होती. भिंतीवर ताणलेल्या तारेवरून काकाजी पुठ्ठ्याचं विमान दोरीने ओढत. ते बांगडीत पकडायचं. आपण ते पकडत असताना काकाजी डब्याच्या पत्र्यावर मूठमूठ खडे मारत. "अबे झोपला काय? मेला तू! मेला! उतर आता. जिन्यानं नाही, मेलेला मानूस जिन्यानं उतरते काय? उडी मार!" रामटेकवाल्याने पहिल्या दिवशी 'लढाई' म्हटलं होतं, म्हणून तो त्या डब्याचा. आठवड्यातून दोन-तीनदा तो मरायचा आणि उडी मारायचा.

सवारीच्या डब्यात अर्धगोल चाक होतं आणि वरून काळं कापड. बाहेरचं काही दिसायचं नाही. उंची, दिशा, कल, सगळं समोरच्या घड्याळांवरून ओळखायचं. बाजूच्या फळीवर पाण्याने काठोकाठ भरलेला पितळी पेला. मागे रिकामी स्टुलं मांडलेली असत, त्या सवाऱ्या. सवाऱ्यांचे आवाज काकाजी स्वतः काढत.

"अवं माय वं, हे काहून हालून राहिलं?" ही काटोलची म्हातारी.

"ओ डायवरसाहेब, हळू गा जरा, वरतं संत्र्याची पेटी हाय माही." हा तिचा नवरा.

"देखो, मंत्रीजी को मीटिंग है. बाकीच्याइले मंग उतरवा, पयले आमाले." हा कोणाचा तरी पीए.

पाणी सांडलं की काकाजी कापड ओढून काढत आणि म्हणत, "सांडलं. जा मागं. माफी माग." आणि मला खरोखर डब्यातून उतरून, मागे जाऊन, एकेका रिकाम्या स्टुलासमोर हात जोडून माफी मागावी लागे. घाईत दोन स्टुलांची एकत्र मागितली तर ते चिडत. "ते काय एका घरचे हायेत? येगयेगळी माग."

रामटेकवाला शेडच्या दारात उभा राहून पोट धरून हसायचा. मी मात्र मनापासून मागायचो. हे मी आज लिहितो तेव्हा मलाच विचित्र वाटतं, पण तेव्हा वाटत नव्हतं. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. शिकणं म्हणजे नेमकं काय असतं ते सांगणारं घरात कोणी नव्हतं. समोरचा शिकवतो आहे म्हणजे ते शिकायचं, एवढंच मला कळत होतं.

काकाजींच्या लेखी जगात दोनच जातीची माणसं होती. दूधवाला लढाऊ, कारण दुधातल्या पाण्याविषयी काही बोललं की तो आधी किटली खाली ठेवायचा. पोस्टमन सवारी. गल्लीतले डॉक्टर दिसायला लढाऊ, पण आतून सवारी. पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले तेव्हा त्यांनी चहा घेऊन आलेल्या मुलीलाच विचारलं, "लढाई का सवारी वं?" तिचा बाप उठून उभा राहिला, तेव्हा काकाजी खूश होऊन म्हणाले, "बाप लढाऊ हाय. जमन." ते काही जमलं नाही.

काकू त्या डब्यांना सवती म्हणायच्या. "मायावाल्या दोन सवती हायेत ह्या. बाकीच्या बायकाइले एक राहते. पर बरं हाय, एकीवर पापड तरी वाळतेत." लढाऊ डब्याच्या टपावर उन्हाळाभर त्यांचे पापड असत.

काकाजींची काही वाक्यं ठरलेली होती. "लढाऊवाल्याचा दुश्मन समोर राहते. सवारीवाल्याचा दुश्मन मागं बसून लिमलेटची गोळी चोखते." दुसरं एक: "लढाऊवाला परत नाही आला तं त्याचा फोटो लागते. सवारीवाला नाही आला तं चौकशी लागते." आणि कोणाचंही काहीही झालं, परीक्षेत नापास, लग्न मोडलं, सायकल चोरीला गेली, की एकच: "म्हनलंच होतं मी." बहुतेक वेळा ते काहीच म्हणालेले नसत.

एकदा रामटेकवाल्याने त्यांनाच विचारलं, "काकाजी, तुमी मंग कोन? लढाई का सवारी?"

काकाजी भात्याला रबराचं ठिगळ लावत होते. म्हणाले, "मी जमीन."

"जमीन काहून? भाडं घेऊन राहिले ना? जमीनदार म्हना!"

काकू आतून मोठ्याने हसल्या. काकाजी हसले नाहीत. पुढे कधीतरी काकूंनीच मला सांगितलं की लहानपणी काकाजींचा डावा कान फुटला होता. त्या कानामुळे त्यांना कधी विमानात घेतलं नाही. किती मुलं त्यांच्या हाताखालून वर गेली, पण ते स्वतः सवारी म्हणूनसुद्धा कधी बसले नाहीत. ही गोष्ट ज्यांना ज्यांना सांगितली त्यांचा चेहरा लगेच मऊ होतो. माझाही झाला होता.

दोन वर्षं मी त्या काळ्या कापडाखाली बसलो. हळूहळू माझे हात शांत झाले. चाक थोडं वळवायचं आणि थांबायचं, डबा काय म्हणतो ते ऐकायचं, मग पुढचं. पाणी सांडेनासं झालं. काकाजींनी कधी शाबास म्हटलं नाही. पण ज्या दिवशी थेंबही सांडला नाही त्या दिवशी ते तो पेला उचलून स्वतः पाणी पीत. मी त्याचीच वाट पाहायचो.

आता मला काय हवं होतं ते सांगितलं पाहिजे, कारण ते कोणी विचारलं नव्हतं. मला लढाऊ विमान चालवायचं होतं. मी भांडखोर नव्हतो, आजही नाही. पण सोनेगावच्या विमानतळाबाहेर मी एकदा एक तरुण अधिकारी पाहिला होता. निळा गणवेश, आणि छातीवर आडनावाची पट्टी. म्हणजे कोणी विचारायची गरजच नाही. आडनाव छातीवर लावून तो चालला होता, आणि समोरून येणारा माणूस ते वाचून सलाम ठोकत होता. एवढंच कारण. देशभक्तीचं कारण मी मुलाखतीसाठी पाठ केलं होतं.

तिसऱ्या वर्षी मला वायुदलाच्या निवडीचं बोलावणं आलं. मुलाखती वगैरे होत्याच, पण सगळ्यात आधी वैमानिकांची यंत्रावरची चाचणी. ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालं की वैमानिक म्हणून पुन्हा कधीही नाही, मग कितीही अभ्यास करा. मी काकाजींकडे गेलो आणि म्हणालो, "काकाजी, आता मला लढाऊ डब्यात बसवा. थोडे दिवस राहिले आहेत."

"तू सवारी हाय."

"काकाजी, ते चुकून झालं होतं. मला वाटलं तुम्ही रिक्षाचं विचारता आहात."

मी सगळं सांगितलं. रिक्षावाला, अंगठा, पेटी. त्यांनी चांगला कान माझ्याकडे करून नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मानूस सोचून बोलते ते खोटं राहते. चुकून बोलते तेच खरं. तू सवारी हाय. डब्बा बदलता येत नाही."

"पण मला तिकडे दांडा असणार. चाक नसणार."

"म्हनून तं म्हनून राहिलो, जाऊ नको."

रामटेकवाल्याने माझ्यासाठी भांडून पाहिलं. "काकाजी, माह्या बदल्यात त्याले बसवा. मले तसंही कुठी जायचं हाय? मी बापाच्या दुकानात बसनार हावो." तो खरंच पुढे दुकानात बसला. त्याला काकाजी म्हणाले, "तू दुकानातबी लढाऊच राहशीन."

त्याच आठवड्यात माझा बाप मला भेटायला आला. तो पारशिवनीकडच्या मॅंगनीजच्या खदानीत कामाला होता. कितीही धुतले तरी त्याच्या हाताच्या रेषा काळ्याच राहायच्या. ओसरीवर बसल्याबसल्या काकाजींनी त्याला विचारलं, "लढाई का सवारी?"

बाप म्हणाला, "मी खाली जातो साहेब. खदानीत. वरतं कोनी बोलावलंच नाही."

काकाजींना उत्तर आवडलं असावं. त्यांनी चहा सांगितला. मग बापाने मला विचारलं की तोंड असं काहून केलं. मी घाबरत सगळं सांगितलं. काकाजी समोरच होते. बापाने कप खाली ठेवला. मग अगदी साध्या आवाजात, भांडण नाही, खरंच न समजल्यासारखं, म्हणाला, "साहेब, आमी याच नागपुरात येऊन धरम बदलला. पिढ्यानपिढ्याचा. एका दिवसात. अन् तुमी पोराले डब्बा बदलू देत नाही?"

काकू दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या. काकाजी उठले, शेडकडे निघाले आणि मागे न वळता म्हणाले, "एक डाव. एकच."

मी लढाऊ डब्यात बसलो. बाप शेडच्या दारात टोपी हातात धरून उभा राहिला. पुठ्ठ्याचं विमान तारेवरून सरकलं. मी दांडा थोडा कलवला आणि थांबलो. विमान बांगडीतून निघून गेलं. मी पुन्हा हळूच कलवला. पत्र्यावर खडे वाजायला लागले.

"काय करून राहिला बे? दुश्मनाले चाय पाजून राहिला काय? बस म्हन त्याले! सतरंजी टाक!"

बाप हसला. त्याला वाटलं, कौतुक चाललं आहे. मला हळूहळू जमायला लागलं होतं, दोन-तीनदा विमान बांगडीत आलंही, पण काकाजींनी दोरी सोडून दिली. "झालं. एक डाव म्हनलं होतं." मी अजून एकदा म्हणून विनवलं. त्यांनी डब्याच्या दाराला कडी घातली.

चाचणी उत्तरेकडच्या एका शहरात होती. एका खुर्चीत बसायचं, हातात दांडा, पायांखाली दोन पट्ट्या. समोर एक उजेडाचा ठिपका सारखा पळायचा, तो चौकटीत धरून ठेवायचा. मध्येच दिवे पेटायचे, ते विझवायचे. ठिपक्यामागे धावायचं होतं. मी धावलो नाही. मी दांडा कलवून थांबत होतो आणि खुर्ची काय म्हणते ते ऐकत होतो. खुर्ची काही म्हणत नव्हती. मला कळत होतं काय चुकतं आहे, हातांना कळत नव्हतं. दुपारी नंबर वाचले. ज्यांचे वाचले नाहीत त्यांनी सामान उचलायचं होतं.

मी नापास झालो तो काकाजींमुळे, असं मी ठामपणे म्हणू शकत नाही. कदाचित मी तसाही झालो असतो. लढाऊ डब्यात दोन वर्षं बसून कदाचित तितकाच नापास झालो असतो. पण 'कदाचित' एवढंच माझ्या वाट्याला आलं, आणि ते काढून टाकता येत नाही.

परत आलो तेव्हा काकाजी भात्याला तेल लावत होते. मान वर न करता म्हणाले, "म्हनलंच होतं मी."

काकू आतून धावत आल्या. "अवो, पोरगं गाडीतून उपाशी आलं, अन् तुमी हे काय बोलून राहिले? तोंड हाय का भोंगा?" त्यांनी मला जेवायला वाढलं. मी जेवलो. या वेळी तरी ते खरं बोलत होते, असंच मला वाटत होतं.

यानंतरचं लिहायला मला जड जातं. पण तेवढं सोडलं तर हे चित्र खोटं होईल, एका गमतीदार म्हाताऱ्याचं होईल. रामटेकवाला अजून भेटला की त्यांच्या गोष्टी सांगतो, नकला करतो, लोक हसतात आणि म्हणतात, "अवलिया होता बुवा!" मीही हसतो. त्यांना त्या अवलियाच्या शेडमधून कुठे जायचं नव्हतं.

माझं शेवटचं वर्ष संपत आलं होतं. एक दिवस काकाजींचे एक जुने विद्यार्थी घरी आले. ते एका फ्लाइंग क्लबात शिकवत होते. आमच्यासारख्या घरातल्या एका मुलाचा विमान शिकण्याचा सगळा खर्च सरकार उचलणार होतं. प्रवासी विमान, सवारीचं. त्यांना असा मुलगा हवा होता ज्याला घड्याळांवर चालवण्याची थोडी तरी सवय आहे. काकूंनी मला हाक मारली आणि त्यांच्यासमोर उभं केलं. त्यांनी सरळ मला डब्यात बसवलं.

त्या दिवशी मी जसा बसलो तसा कधीच बसलो नव्हतो. वायुदल गेलं होतं. आता हेच एक दार होतं, आणि ते मला येत होतं. त्यांनी वादळ सांगितलं, एक इंजिन बंद केलं, उतरायची पट्टी बदलली. मी चाक वळवत होतो, थांबत होतो, ऐकत होतो. काकाजी स्टुलावर बसून होते, पण त्या दिवशी त्यांनी एकाही सवारीचा आवाज काढला नाही. मला वाटलं, पाहुण्यांसमोर लाजत असतील. कापड काढलं तेव्हा पेला काठापर्यंत भरलेला होता.

"काकाजी, पोरगा तयार आहे," ते शिक्षक म्हणाले. "तुम्ही तर हिराच लपवून ठेवला. नाव टाकू का?"

"नको टाकू."

शिक्षकांना गंमत वाटली. "काहून?"

"यानं डब्बा बदलला. लढाऊत बसून आला. याच्या हातात आता शंका शिरली. मी याच्या मागं मानसं बसवणार नाही."

मी डब्यातच होतो. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "काकाजी, एकच डाव. आणि तुम्हीच बसवलं होतं."

"मी नाही," काकाजी म्हणाले. "तुह्या बापानं बसवलं."

शिक्षक माझ्याकडे पाहत होते, काकाजींकडे पाहत होते. हसू त्यांच्या चेहऱ्यावर अजून अर्धं शिल्लक होतं. काकू म्हणाल्या, "अवो, काय बोलता?" काकाजी उठून शेडच्या बाहेर गेले. पेला फळीवर तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी सायकल घेऊन त्या शिक्षकांना भेटायला क्लबात गेलो. ते चांगले गृहस्थ होते. त्यांनी मला खुर्ची दिली. म्हणाले, "तू चांगला चालवलास. पण मी जे काही आहे ते त्यांच्यामुळे. मला त्यांनी तोंडावर नको म्हटलं. उद्या काही झालं तर? मी कोणाला काय सांगू?" ती जागा दुसऱ्या कोणाला गेली. पुढच्या वर्षी ती सोय राहिली नाही.

ज्या माणसाने माझं आडनाव विचारलं नाही त्याच्या घरात मी तीन वर्षं निर्धास्त झोपलो. मला वाटलं होतं, या घरात जात नाही. होती. दोनच होत्या, आणि त्याही जन्मानेच ठरायच्या. जन्म म्हणजे फाटकाशी उच्चारलेला पहिला शब्द. ज्याने ती ओलांडायचा प्रयत्न केला तो इकडचाही राहायचा नाही आणि तिकडचाही.

बापाने खदानीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पोरगा विमान चालवणार. त्याला मी एवढंच सांगितलं की जागा भरली. "भरली तं भरली गा," तो म्हणाला. "मास्तर हो. शाळा कुठी जात नाही." काकाजींनी त्याचं नाव घेतलं होतं हे मी त्याला सांगितलं नाही. मरेपर्यंत त्याला ओसरीवरचं ते बोलणं आठवत होतं, आणि आपण त्या दिवशी पोरासाठी बरोबर बोललो, याचा त्याला अभिमान होता. तो बरोबरच बोलला होता.

मी मास्तर झालो. पारशिवनीच्या शाळेत विज्ञान शिकवतो.

मधे पुष्कळ वर्षं गेली. एकदा पेपर तपासण्याच्या कामाने नागपूरला आलो होतो. दुपारी मोकळा होतो, पाय सक्करदऱ्याकडे वळले. काकू वारल्याचं मला रामटेकवाल्याकडून कळलं होतं. शेड पाडून तिथे पुतण्याने खोल्या बांधल्या होत्या. काकाजी ओसरीवर खुर्चीत बसले होते. खूप बारीक झाले होते, पण पाठ ताठ. मी पाया पडलो. त्यांनी मला बसायला सांगितलं.

"काय करतो?"

"मास्तर आहे. शाळेत विज्ञान शिकवतो."

"म्हनलंच होतं मी."

इतक्या वर्षांत मी त्यांना कधी उलट बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. "नाही काकाजी. हे तुम्ही कधीच म्हणाला नव्हतात."

"मंग काय म्हनलं होतं?"

मला वाटलं ते मला डिवचताहेत. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते खरंच विचारत होते.

मी सांगायला सुरुवात केली. 'मला' म्हणायचं होतं, ते तोंडातून निघेना. मी म्हणालो, एक मुलगा होता. तुमच्याकडे शिकायचा. क्लबातून एक साहेब आले होते, मुलाने डबा चांगला चालवला, साहेब त्याचं नाव टाकणार होते. तुम्ही म्हणालात, याच्या हातात शंका शिरली, मी याच्या मागं माणसं बसवणार नाही. तो म्हणाला, तुम्हीच बसवलं होतं. तुम्ही त्याच्या बापाचं नाव घेतलं. एकेक शब्द मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितला, कारण तो मला तसाच पाठ होता.

काकाजी चांगल्या कानामागे हात धरून ऐकत होते. माझं संपल्यावरही त्यांनी हात काढला नाही.

"असं म्हनलं मी?"

"हो."

"पोट्ट्याच्या तोंडावर?"

"हो."

त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "लय वाईट केलं मी. लय वाईट." आणि माझ्याकडे पाहून, अगदी कळवळून, "कुठी राहते तो आता? भेटते काय तुले?"

मी पायाने चपला शोधू लागलो.

"भेटला तं पाठव त्याले माह्याकडं," काकाजी म्हणाले. "लवकर पाठव."

"पाहतो," मी म्हणालो, आणि चपला घातल्या.